वेगळं पातेलं

विमलानं मटणाच्या रश्श्यातला डाव काढला, तो तसाच वांग्याच्या पातेल्यात बुडवला आणि यज्ञेश्वर मास्तरांना भाजी वाढली. एकाहत्तर सालच्या नाताळाचं प्रीतिभोजन होतं, चर्चच्या आवारात पंगत बसली होती. पोरीचा तसा काही दोष नव्हता. हुपरीहून लग्न होऊन येऊन तिला दोनच महिने झालेले. एका माणसासाठी इथं वेगळं पातेलं आणि वेगळा डाव असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

भाजीवरचा लाल तवंग मास्तरांनी पाहिला आणि ताट पुढं सरकवलं.

चुलीपाशी उभी असलेली बयाबाई, म्हणजे विमलाची सासू, लगबगीनं पुढं आली. ते वेगळं पातेलं तिचंच. अकरा वर्षांपूर्वी मास्तर बाप्तिस्मा घेऊन ब्राह्मणाच्या घरातून या मंडळीत आले, तेव्हापासून दर नाताळला ती त्यांच्यापुरती वांगी करायची, आणि तीही हौसेनं. माणूस मटण खात नाही, एवढंच ना? तिच्या नवऱ्याला, पिराजीला, हे कधी पटलं नाही. डोक्यावर पाणी पडलं, पोट अजून बामणाचंच हाय, असं तो म्हणायचा आणि ती दरवर्षी त्याच्याशी भांडायची. आज मास्तर पंगतीतून उठले, तर पिराजीच खरा ठरणार होता.

"उठू नगासा, मास्तर," ती म्हणाली. "पोरगी नवी हाय. दुसरं ताट आणती."

"राहू द्या बयाबाई. मी कोरडी भाकरी खाईन."

"कोरडी कशाला?" समोरच्या ओळीतून पिराजी बोलला. "येशूनं मटान खाऊ नगा म्हणून सांगितलंय व्हय?"

"खाच, असंही नाही सांगितलं. जात मी सोडली, पिराजी. पण जीव मारून खाणं मला जमत नाही."

"डावाला लागलेल्या रश्श्यात कंचा जीव आलाय? येगळं पातेलं, येगळा डाव. माझ्या आज्याला बी गावात येगळंच वाढायचे, मास्तर."

चर्चचे पाळकसाहेब स्वतःच्या ताटात बघत राहिले. मास्तरांनी काहीतरी बोलावं, असं बयाबाईला फार वाटत होतं. वर्गात तासभर बोलणारा माणूस, पण ते तिच्याकडे वळले.

"भाकरी द्या," एवढंच ते तिला म्हणाले.

ती टोपलीकडे वळली.

"टोपलीतली नको. ती हातातली."

बयाबाईनं हाताकडे पाहिलं. पहाटेपासून चुलीपुढं होती, भूक निघेना म्हणून मघाशीच तिनं एक भाकरी घेऊन उभ्या उभ्या दोनतीन घास खाल्ले होते.

"ही उष्टी हाय," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

तिनं हात पुढं केला. मास्तरांनी भाकरीची चावलेली बाजूच मोडली आणि तोंडात घातली. तो घास त्यांना जड गेला. बराच वेळ ते चावत राहिले, मग डोळे मिटून त्यांनी तो गिळला. हे सगळ्या पंगतीनं पाहिलं, पिराजीनंही पाहिलं.

"अजून द्या," ते म्हणाले.

बयाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं उरलेल्या भाकरीचा चांगला मोठा घास स्वतः घेतला, सावकाश चावला, आणि बाकीची त्यांच्या हातावर ठेवली.