न मोडलेली घडी

लेकीची बॅग उघडली आणि इस्त्रीवाला एकेक शर्ट उलटून बघायला लागला.

एक पांढरा सोडला, तर सगळे शर्ट जसेच्या तसे होते. कॉलरखाली त्यानं स्वतः सरकवलेली कागदाची पट्टीसुद्धा हललेली नव्हती. लेक कॉलेजच्या वसतिगृहातून पहिल्यांदाच दोन दिवसांच्या सुट्टीला घरी आली होती, आणि त्या एकाखेरीज कुठल्याही शर्टाची घडी मोडलेली नव्हती.

"बघा, किती जपून वापरते पोर!" आई कौतुकानं म्हणाली. "नाहीतर तुम्ही. सकाळी घातलेला सदरा दुपारपर्यंत चोळामोळा."

इस्त्रीवाल्यानं एका कॉलरवरून बोट फिरवलं. जपून वापरलेला कपडा कुठला आणि न वापरलेला कुठला, हे त्याला डोळे मिटूनही कळलं असतं. त्याच्या मनात नको नको ते यायला लागलं.

लेक दुकानाच्या फळीवर पाय हलवत बसली होती. अंगात तोच जुना, विटका टॉप.

"कॉलेजला जातेस ना गं?"

"जाते."

"मग हे काय?"

ती नखं कुरतडत राहिली. मग एकदम म्हणाली, "बाबा, मी परत नाही जाणार. इथंच बसते तुमच्याबरोबर दुकानात."

आईच्या चेहऱ्यावरचं कौतुक जागच्या जागी विरलं. "अगं बये, झालं तरी काय?"

झालं होतं ते असं. पहिल्या दिवशी लेकीनं बाबांनी सांगितलेला पांढरा शर्ट घातला होता. खळ दिलेला, बाहीला सुरीची धार. बाबांचा तसा हुकूमच होता, कारण कॉलेज म्हणजे काय हे बाबांइतकं आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे असं बाबांचं मत होतं. रस्त्यापलीकडे मुलांचं एक वसतिगृह होतं आणि तिथली गाठोडी वर्षानुवर्षं त्यांच्याच टेबलावर येत. "कॉलेजातली पोरं बघावीत, एकदम कडक! गबाळ्यासारखी गेलीस तर कुत्रंसुद्धा विचारायचं नाही," हे लेकीला एव्हाना पाढ्यासारखं पाठ झालेलं. तर अशी कडक होऊन ती वर्गात शिरली.

"आणि अख्खा वर्ग उठून उभा राहिला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. 'गुड मॉर्निंग' म्हणाले सगळे. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मागे कुणीच नव्हतं."

आईनं ओठ घट्ट दाबून धरले.

"मी बाकावर जाऊन बसले तेव्हा त्यांना कळलं. मग हसले. अजून हसतात. मॅडमच म्हणतात. शेजारी कुणी बसत नाही." तिचा आवाज ओला झाला. "सगळे चुरगळलेल्या कपड्यांत येतात हो बाबा. तुम्ही सांगायचात तसं तिथं काहीच नाही. मैत्रिणी नाहीत, गप्पा नाहीत, मजा तर नाहीच."

इस्त्रीवाल्यानं टेबलावरच्या गाठोड्याकडे पाहिलं. वरच एक शर्ट होता. त्याच्या मालकानं बजावून सांगितलं होतं, काका, मुलाखत आहे, जीव ओतून करा. खालचा कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नासाठी. त्याच्या खालचा कुणाला तरी भेटायला जायचं होतं म्हणून, आणि तो देताना पोरगं लाजलं होतं. इतकी वर्षं तो ही गाठोडी सोडत होता, पण त्यांच्याकडे असं कधी बघितलंच नव्हतं.

"हात्तिच्या," तो हळूच म्हणाला. "चुकलंच की माझं. माझ्याकडे येतात ते मिरवायच्या दिवसांचे कपडे. रोजचे दिवस या टेबलावर येतातच कुठे? तेव्हा ही पोरं काय करतात, देव जाणे. बसत असतील तीही कोपऱ्यात, तुझ्यासारखीच."

लेकीनं नखं कुरतडणं थांबवलं. तिला वाईट वाटत होतं ते वाटतच होतं, पण आता ती ऐकत होती.

"सगळे उभे राहिले म्हणतेस," त्यानं विचारलं. "कुणीच बसून नव्हतं?"

"एक होती. खिडकीजवळ."

"ती का नाही उठली?"

"झोपली होती."

"मग झालं तर! तिच्या शेजारी बस. तुला मॅडम न समजलेली तेवढी एकच आहे तिथं."

लेक रडता रडता फस्सकन हसली. त्यासरशी आईचं इतका वेळ कोंडलेलं हसू फुटलं. "अख्खा वर्ग? अगदी शेवटच्या बाकापर्यंत?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि लेक प्रत्येक वेळी जास्त रंगवून सांगत राहिली. थोड्या वेळानं तिनं आपणहूनच विचारलं, "बाबा, उद्या सकाळची गाडी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी इस्त्री तापत ठेवून त्यानं लेकीचे शर्ट पुढ्यात घेतले. पहिल्यावर नेहमीसारखं पाणी शिंपडलं. हात सवयीनं इस्त्रीकडे गेला. तो त्यानं मागे घेतला, कॉलरखालची पट्टी काढली, शर्टाचा बोळा केला आणि पिळला. जिवावर आलं होतं, पण पिळला. मग झटकून बॅगेत टाकला.

कपडे न्यायला आलेले म्हातारे मास्तर दारातच थबकले. "अरे, हे काय चाललंय? इस्त्रीवाल्याच्या घरातच दिव्याखाली अंधार? असे कपडे घेऊन पोर निघालीय तरी कुठे?"

"कॉलेजला, मास्तर," इस्त्रीवाला छाती फुगवून म्हणाला, आणि त्यानं पुढचा शर्ट पिळायला घेतला.