आईच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

“फ्रीजमध्ये ठेवली होती ना?” दुरुस्तीवाल्याने उघडलेली हार्ड डिस्क टेबलावर सरकवत विचारलं. “आत ओल होती.”

“इंटरनेटवर तसं लिहिलं होतं,” साहेब गुरकावले.

“इंटरनेटवर हेही लिहिलेलं असतं, की डिस्क टक टक वाजायला लागली की आधी वायर काढा. ते कोणी वाचत नाही.”

साहेबांनी वायर काढली नव्हती. वायर बदलून पाहिली, कॉम्प्युटर बदलून पाहिला, जुन्या रेडिओला मारतात तशा डिस्कला चार थपडाही मारल्या. अख्खी संध्याकाळ ती वाजत राहिली आणि हे तिला फैलावर घेत राहिले. आणि वर हा माणूस त्यांनाच शिकवत होता.

“एक अक्षर जास्त बोलू नका. डेटा निघाला का, तेवढं सांगा.”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ऑफिसात, घरात, दुकानात, जिथे कोणी उलट बोलेल तिथे ते बाहेर यायचं. समोरचा गप्प बसला की आपलं खरं ठरलं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

दाराजवळच्या बाकावर त्यांच्या आईला सांभाळणारी बाई बसली होती. पिशवी मांडीवर, नजर जमिनीवर. साहेबांनीच तिला गाडीत घालून आणलं होतं. “तुझ्या डोळ्यांदेखत दाखवतो, आणि मग इथूनच पोलीस चौकीत,” असं रस्ताभर ऐकवत.

आई मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडली. जखम भरली, पण वाचा गेली ती गेलीच. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही सांगता येत नाही, वाट बघा. साहेबांना वाट बघायला सवड नव्हती. त्यांनी आईवर बाई ठेवली आणि बाईवर कॅमेरा. कॅमेरा आईच्या कपाटावर, आणि त्याचं रेकॉर्डिंग शेजारच्या या डिस्कमध्ये साठायचं. साहेब ऑफिसात बसून ते रोज भरभर पळवून बघायचे. आई खुर्चीत गप्प, बाई तिला भरवतेय, केस विंचरतेय. नाव ठेवायला जागा नाही. मात्र रोज दुपारी बाई आईला धरून गॅलरीत न्यायची आणि तासन्‌तास परत आणायची नाही. गॅलरीत कॅमेरा नव्हता. हेच त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

मग एके दिवशी आईचं मनगट काळंनिळं दिसलं, आणि त्याच दिवशी डिस्क कपाटाखाली पडलेली सापडली. साहेबांनी उभ्या उभ्या निकाल लावला. हिने आईवर हात टाकला आणि पुरावा राहू नये म्हणून डिस्कही हिनेच आपटली. आई जोरजोरात मान हलवून नाही नाही खुणावत होती. “तिला काय कळतंय,” म्हणून साहेबांनी बाईची पिशवी दाराबाहेर ठेवली.

“निघाला,” दुरुस्तीवाला म्हणाला. “तशाच दुसऱ्या डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारी सुई, काढून हिच्यात बसवलं. ते तग धरून होतं तोवर सगळं उतरवून घेतलं. शेवटचं रेकॉर्डिंग मध्येच तुटतंय, पण दिसतं. आवाजही आहे.”

बाई ताडकन उठली.

“साहेब, नका लावू ते. मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. वाटलं तर चौकीत सांगा, मी मारलं म्हणून. पण ते नका लावू.”

“आता कशी वठणीवर आली!” साहेबांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “ऐकलंत ना तुम्ही? साक्षीदार आहात हं.”

“तसं नाही हो साहेब, आजींना मी शब्द...”

“एक अक्षर बोलू नकोस! बस खाली.”

ती बसली. दुरुस्तीवाल्याला हे गिऱ्हाईक कधी एकदा जातंय असं झालं होतं. त्याने स्क्रीन वळवला आणि बटण दाबलं.

आईची खोली दिसली. आई खुर्चीत एकटीच. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. आईने बराच वेळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग ती भिंतीला धरून उठली आणि एकेक पाऊल टाकत कपाटाकडे येऊ लागली.

“ही कुठे निघाली?” साहेब पुटपुटले.

“आजी, एकट्या उठू नका हं, आले मी!” आतून बाईचा आवाज आला.

“तू थांब गं तिथेच. तुझ्यावर बालंट नको यायला.”

साहेबांनी दचकून मागे पाहिलं. जणू कोणी दारातूनच बोललं होतं. आवाज आईचाच होता, खणखणीत, वर्षापूर्वी होता तसाच.

“तुम्ही तर म्हणाला होतात, त्यांना बोलता येत नाही,” दुरुस्तीवाला म्हणाला. बाकावरच्या बाईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

आई कपाटाशी पोचली होती. आता स्क्रीनभर तिचाच चेहरा होता. तिने हात वर करून डिस्कची वायर मनगटाला गुंडाळून मुठीत धरली आणि सरळ साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं.

“‘एक अक्षर बोलू नकोस,’ म्हणालास ना मला? वर्षभर नाही बोलले. आता तू बघू नकोस.”