आवाज गिळणारा पट्टा

सोसायटीतल्या प्रत्येक मांजरीच्या गळ्यात आवाज गिळणारा पट्टा सक्तीचा होता, म्हणून चिंगी दुपारपासून कळा देतेय हे कुंदाला थेट चहाच्या वेळी कळलं. पिल्लाचा एक पाय बाहेर लोंबत होता.

"कधीपासून ओरडतेय?" डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं.

"पट्टा आहे ना हो!"

"बाळंतपणात पट्टा काढायचा असतो, बाई! पिल्लू अडलंय. ओढू नका, आत्ताच्या आत्ता घेऊन या."

कुंदानं पट्टा काढला. चिंगी अशी किंचाळली की समोरचं दार उघडलं.

"काकू, लावा तो पट्टा! आमचं बाळ आत्ता कुठे झोपलंय. मांजरीचे कसले लाड!"

कुंदा ओशाळली. टोपली सापडेपर्यंत म्हणून तिनं पट्टा परत लावला. माळ्यावरून टोपली काढून ती धावत आली.

"ओरडू नको गं, निघालोच आपण."

चिंगीचं तोंड उघडंच होतं. पोट मात्र हलायचं थांबलं होतं.