भिंतीवर बसवलेलं दार

नव्या कोऱ्या पांढऱ्या हॉलमध्ये सुतारकाकांनी जुनं नक्षीदार दार शोभेसाठी थेट भिंतीवरच बसवलं. मागे भरीव काँक्रीट. भोकं पाडता पाडता त्यांच्या नाकी नऊ आले होते.

"काका, खालच्या फटीतून लाइट काय सुरेख सोडलाय हो!" घरमालकीण हरखून म्हणाली.

काकांनी लाइट सोडलाच नव्हता.

ते गुडघ्यांवर बसले. बाहेर दुपार कलली होती, आणि फटीतून मात्र कोवळं ऊन फरशीवर सांडत होतं. त्यांनी तळहात पुढे केला. ऊब लागली. चाळीस वर्षं दारं बसवली, पण कुठल्या दारापुढे ऊर असा भरून आला नव्हता.

तेवढ्यात त्या उन्हात दोन पावलांची सावली येऊन थांबली आणि पलीकडून कुणीतरी हलकेच कडी काढली.