मधली खुर्ची

बायको समीहा गेल्याचा फोन इस्पितळातून आला, तेव्हा रऊफ अलेक्झांड्रियाच्या भंगार बाजारात दुसरा स्पीकर निवडत होता. जोडी परवडत नव्हती, म्हणून तिनेच सांगितलं होतं, "सुटे दोन आण. सारखे वाजतात का, ते मी सांगेन."

विसाव्या दिवशी त्याने जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन्ही स्पीकर जोडले आणि तिची आवडती रेकॉर्ड लावली. लगेच दारावर धपाधप थापा पडल्या. खालच्या मजल्यावरची उम्म हिल्मी तरातरा आत आली.

"अजून दुखवट्याचे चाळीस दिवस सरले नाहीत, आणि घरात गाणी? जनाची नाही, निदान मनाची तरी ठेव! बंद कर, नाहीतर तिच्या भावांना बोलावते!"

"बोलवा. पण आधी त्या मधल्या खुर्चीत एक मिनिट बसा. गाणारीचा आवाज बरोबर मधून येतो का, एवढं सांगा. माझा डावा कान गिरणीतच गेला."

खुर्चीच्या पाठीवर समीहाची शाल तशीच होती. उम्म हिल्मीचा आवाज एकदम उतरला.

"तिच्या जागी मी नाही बसणार, रऊफ."

 

ती खुर्ची आजही रिकामीच आहे; दोन्ही स्पीकर सारखे वाजतात का, तेवढं पाहायचं राहिलं आहे.