सव्वा मूठ गहू

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू. धाकटा दीर निंबा नाव पुकारणार आणि मंजुळाबाई मूठ टाकणार. मोजताना गाणंही त्यांचंच, चाळीस वर्षं. नाकावर माशी बसू न देणारी बाई. पण यंदा गळ्यानं दगा दिला. सातव्या नावाला आवाज असा फाटला, की ओसरीवरचे भाऊबंद एकमेकांची तोंडं बघू लागले.

"मी म्हनू का, मोठी माय?" निंबाची लेक रूपा हिनं विचारलं.

मंजुळाबाईंनी तिच्या मांडीवरच्या हार्पकडे पाहिलं. पारोळ्याच्या वना सुतारानं सागवानात घडवलेलं ते उभ्या तारांचं वाद्य. गल्लीत त्याला अर्धी खाट म्हणत. तिकडे आयर्लंडात सांगतात त्या जुन्या कथा ही पोरगी अहिराणीत गाते आणि धुळ्या-जळगावला लोक तिकीट काढून ऐकतात, हे त्यांच्या कानावर होतं. पण ते तिकडे. इथं देवीचं काम.

"परका देशनं गानं कानबाईले चालस का?"

"एकडाव आयक. नही पटनं ते बंद करसू."

गाणं एका विहिरीचं होतं. त्या विहिरीवर राजानं आणि त्याच्या तीन पाणक्यांनीच जायचं, बाईनं फिरकायचं नाही. राणी एक दिवस गेलीच. नुसती गेली नाही, विहिरीला तीन उलट्या फेऱ्या मारल्या. पाणी खवळून काठावर आलं. इथं रूपा थांबली. म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"थांबनी कसाले? मंग तिनं काय व्हयनं?"

"ती पुढे, पानी मांगे, थेट समुद्रलोंग. बुडनी ती, मोठी माय. पन तीच नदी व्हयनी. आजबी नदीले तिनंच नाव शे."

मंजुळाबाईंना अभिमान वाटला, चांगला छातीभर वाटला. एवढं मोठं गाणं कुठून का आलेलं असेना, गळा आपल्या घरातला होता. "म्हन पुढे," त्या म्हणाल्या. रूपा गात राहिली, निंबा नावं पुकारत राहिला, आणि त्यांची मूठ आता तारांच्या तालावर पडू लागली.

"बठ्ठा व्हयनात," निंबा म्हणाला. "अकरा."

मंजुळाबाईंचा हात गव्हातच होता. "आखो एक शे. रूपानं नाव ले."

भाऊबंदांत कुजबुज झाली. पोरीचं नाव म्हटल्यावर निंबा चाचरला. "वैनी, आपलामा आंडेरनं नाव कोनी लेतस का?"

"आजलोंग नही लिधं. आते ले."

निंबानं एकदा लेकीकडे पाहिलं. मग त्यानं नाव असं खणखणीत पुकारलं, की समोरच्या ओट्यावर वाती वळणाऱ्या बाया काम टाकून उठल्या.