मिठागराची फळी

"पण यात तू चुकलीस कुठं?" बाबांनी विचारलं.

मिठागराच्या बांधावर बसून मी त्यांना बिझनेस स्कूलच्या अर्जातला निबंध वाचून दाखवला होता. विषय होता, 'तुमचं सर्वांत मोठं अपयश'. त्यात माझं ऑफिसातलं एक काम आठवडाभर लांबलं होतं आणि शेवटी सगळ्यांनी माझं कौतुकच केलं होतं.

समोर मिठाच्या वाफ्यांत आभाळ उतरलं होतं. एक बगळा ढगावर पाय ठेवून उभा होता. त्याच्याकडे बघता बघता मला ती दुपार दिसली. मी बारा वर्षांची होते. मासे आत येतात का ते बघायला ऐन भरतीत मी खाडीचं पाणी अडवणारी फळी उचलली, आणि महिनाभर पिकवलेलं मीठ विरघळून गेलं. पांढरे वाफे पुन्हा निळे झाले. ते इतकं सुंदर दिसत होतं की मी रडायचंच विसरले.

बाबा तेव्हा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "आजपासून फळी तू सांभाळायची."

"माझ्याकडेच का दिलीत?" मी आज विचारलं.

"तुझ्याइतकं तिला घाबरणारं दुसरं होतं कोण?"

मी लॅपटॉपवरचा सगळा निबंध पुसला. नवं पहिलं वाक्य लिहून त्यांना वाचून दाखवलं. 'एकदा मी महिनाभराचं मीठ समुद्राला परत दिलं.'

"परत नाही दिलंस, घालवलंस," बाबा म्हणाले. "तसंच लिही."

मी तसंच लिहिलं.